मेंदूतील तार आणि तिची जुळणी

सह्याद्रीच्या ज्या उतरणी जावळी, पाटण आणि शिराळा या तालुक्यांतून कृष्णा, कोयना व वारणा यांच्या खोऱ्यांकडे उतरत येतात, त्यांवर पावसाळा सरता सरता बांधाच्या झुडपांवर चढलेला एक वेल दिसू लागतो. आणि त्याच्या शेंगांवरची तांबूस सोनेरी लव एकदा अंगाला लागून ज्या गुराखी पोराची रात्र खाजवण्यात गेली, तो पुढे जन्मभर त्या वेलाजवळून अंग चोरूनच जातो. ही खाजकुइरी होय. आयुर्वेदाने तिला कपिकच्छू या नावाने आपल्या औषधींत स्थान दिले आणि तिचे बी शुद्ध करून वातविकारांवर योजले. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी याच बियांतून लेव्होडोपा नावाचे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, त्या वेळी हेच द्रव्य पुढे तीस वर्षांनी कंपवाताने जखडलेल्या माणसांना पुन्हा चालते करील, अशी कल्पना कोणाच्याही मनात असणे शक्य नव्हते.

दुसरी अशीच वनस्पती म्हणजे सर्पगंधा. तिच्या मुळ्यांनी वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात सप्रमाण मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. लवकरच स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य काढले. आणि १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते रिसर्पिन सशांना टोचले असता ते ससे जागच्या जागी निश्चल होऊन बसले, व त्यानंतर त्यांना लेव्होडोपा देताच काही मिनिटांत हिंडूफिरू लागले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य हालचालीस अत्यावश्यक आहे, हा सिद्धान्त या सशांनी सिद्ध केला, आणि त्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासून त्यांत डोपामिनची टंचाई दाखवून दिली, १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉट्झियस यांनी लेव्होडोपा तोंडावाटे हळूहळू चढत्या मात्रेत देण्याची पद्धत बसवली, आणि आज सांगलीच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ‘सिंडोपा’ म्हणून जी गोळी मिळते, तिची वंशावळ अशी आहे. ही हकीकत मी विस्ताराने दिली ती एवढ्यासाठी की, कंपवाताचा आधुनिक इलाज हा सर्वस्वी परक्या भूमीत उगवलेला आहे अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती वस्तुस्थितीस धरून नाही. अर्थात खाजकुइरीची पूड मनाने आणून खावी, असा याचा अर्थ कोणी करू नये. बियागणिक लेव्होडोपाचे प्रमाण पालटते, आणि सिंडोपा चालू असताना तिची भर घालणे म्हणजे मात्रेचा सगळा हिशेब बिघडवणे होय.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली या विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन लिहिले. मेंदूच्या तळाशी सब्स्टान्शिया नायग्रा नावाचा एक काळसर पट्टा असतो आणि तेथील पेशी डोपामिन तयार करतात. त्या पेशी एकामागून एक मरू लागल्या म्हणजे हा रोग जडतो, परंतु निम्म्याच्या आसपास पेशी नष्ट होईपर्यंत हालचालीतील बिघाड घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. मग कधीतरी जमाखर्चाच्या वहीतील अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेलेले दिसते, सदऱ्याचे वरचे बटण लागता लागत नाही, चालताना एक हात झुलेनासा होतो, पायातली चप्पल नकळत मागे राहते. हात थरथरणे हे सर्वांत ठळक लक्षण खरे; तथापि असे पुष्कळ रुग्ण आहेत की ज्यांचा हात कधीच थरथरत नाही, केवळ शरीर आखडते आणि प्रत्येक हालचाल संथ होते, व म्हणून ‘वय झालं आता’ या एका वाक्यावर त्यांची वर्षे निघून जातात. १९९० साली जगात या विकाराचे सुमारे पंचवीस लाख रुग्ण होते, ते २०१६ मध्ये एकसष्ट लाखांवर गेले. पु. ल. देशपांडे यांचे १२ जून २००० रोजी पुण्यात निधन झाले ते याच व्याधीच्या गुंतागुंतीतून, त्यामुळे मराठी वाचकाला ती अपरिचित असण्याचे कारण नाही.

लेव्होडोपाची पहिली काही वर्षे सुखाची जातात. पुढे मात्र मेंदूत औषध साठवून ठेवणाऱ्या पेशीच उरत नसल्यामुळे प्रत्येक गोळीचा अंमल आखूड होत जातो. माझ्या परिचयातले, कराडच्या पूर्वेकडील एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक अशा अवस्थेत होते. गुरुजींची गोळी सकाळी सात, दहा, एक, चार आणि सात अशी पाच वेळा असे, आणि त्यांच्या पत्नीने जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या पानांवर त्यांच्या दिवसाची नोंद ठेवली होती: ‘९.२० उतरली’, ‘१०.५० लागली’, ‘१२ ते १२.३० अंग वळवळ’. गोळी उतरली की गुरुजींचे पाय उंबऱ्यापाशी जमिनीला खिळत, कुशीवर वळायलाही माणूस लागे. आणि गोळीचा अंमल भरात आला म्हणजे मान, खांदे, हात आपोआप हेलकावत राहत, इतके की कराडला जाणाऱ्या एस.टी.त शेजारचा प्रवासी जागा बदलून बसे. दोहोंच्या मधल्या चांगल्या वेळात ते देवपूजा, आंघोळ, बँकेचे काम उरकून घेत. जेवणातले डाळ-दूध गोळीच्या आड येते म्हणून जेवण मागे-पुढे करणे, लग्नकार्याला जायचे तर मुहूर्त कोणत्या गोळीत बसतो ते पाहणे, असा त्या घराचा सारा व्यवहार गोळीच्या घड्याळाला बांधला गेला होता. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, ज्याला दवाखान्यांत आणि रुग्णांच्या घरांत ‘डीबीएस’ एवढेच म्हणतात, तो इलाज मुख्यतः या अवस्थेतील रुग्णासाठी आहे.

मेंदूवर शस्त्रक्रिया करून कंप थांबवण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही होत होते. १९५२ साली अमेरिकेत आयर्व्हिंग कूपर यांच्या हातून एका शस्त्रक्रियेत मेंदूची एक लहान धमनी अकस्मात बांधावी लागली आणि रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याचा कंप नाहीसा झालेला होता. त्यानंतर मेंदूच्या गाभ्यातील ठरावीक भाग नेमका जाळून टाकण्याच्या शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या, आणि भारतात मद्रासला डॉ. बी. राममूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत मोठे नाव मिळवले. लेव्होडोपा आल्यावर त्या मागे पडल्या. जाळलेला भाग परत आणता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना जाळले तर वाचा व गिळणे बिघडण्याचा धोका असतो, हे त्या पद्धतीतले मोठे न्यून होते.

फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद हे शल्यविशारद जाळण्यापूर्वी ठिकाण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी तेथे सौम्य विद्युत्प्रवाह सोडून पाहत असत. १९८७ साली त्यांच्या ध्यानात असे आले की, प्रवाहाचे स्पंदन सेकंदाला शंभराच्या घरात नेले म्हणजे कंप तत्क्षणी थांबतो आणि प्रवाह बंद केला की पुन्हा सुरू होतो. मग जाळायचे कशाला? तार तेथेच ठेवावी आणि प्रवाह चालू ठेवावा. त्याच सुमारास अमेरिकेत महलोन डीलॉंग आणि त्यांचे सहकारी माकडांवरील प्रयोगांतून दुसऱ्या दिशेने तेथेच येत होते: डोपामिन आटले म्हणजे मेंदूच्या गाभ्यातील सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे केंद्र अवाजवी उत्तेजित होते आणि त्याला शांत केले असता माकडाची हालचाल सुधारते, हे त्यांनी १९९० साली दाखवले. १९९३ मध्ये ग्रनोबलला मानवी मेंदूतील त्या केंद्रात तार बसवण्यात आली, आणि कंपाबरोबर ताठरपणा व मंदपणाही उतरला. २०१४ चे लास्कर पारितोषिक बेनाबिद आणि डीलॉंग या दोघांना विभागून मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० नंतरच्या त्याच दशकाच्या अखेरीस हे काम हाती घेतले, त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेतही ते लवकरच रुजले, आणि आता पुण्यातही या शस्त्रक्रिया होतात.

शस्त्रक्रियेचे वर्णन ऐकून माणसे घाबरतात, म्हणून ते नीट सांगणे अवश्य आहे. आदल्या रात्रीपासून रुग्णाची औषधे थांबवतात, कारण आजार उघडा असल्याशिवाय तो उतरला की नाही हे कळणार कसे! सकाळी डोक्याला भूल देऊन एक धातूची चौकट घट्ट बसवतात, आणि सीटी व एमआरआय यांची चित्रे एकमेकांवर बसवून त्या चौकटीच्या मोजमापावरून लक्ष्याचा पत्ता मिलिमीटरच्या अंशापर्यंत मुक्रर करतात. कवटीला लहान छिद्र पाडून आत सोडलेली बारीक सुई एकेका पेशीचा विद्युत्स्वर टिपते आणि तो ध्वनिक्षेपकावर ऐकू येतो. वरच्या शांत भागातून सुई खाली सरकत त्या केंद्रात शिरली म्हणजे खोलीत एकदम दाट, अखंड खरखर सुरू होते, आणि अनुभवी कानांना तेवढ्यावरून ठिकाण कळते. पुष्कळ रुग्णालयांत या टप्प्यावर रुग्ण जागा असतो. मेंदूच्या ऊतीला वेदना नसते. डॉक्टर त्याला बोलते ठेवतात, ‘गुरुजी, मूठ उघडा, मिटा, वारांची नावं सांगा’, आणि दुसरा डॉक्टर मनगट हलवत ताठरपणा कधी सैलावतो हे हातानेच अजमावतो. त्यानंतर सव्वा मिलिमीटर जाडीची कायमची तार त्या ठिकाणी बसवून, पूर्ण भूल देऊन, कानामागून व मानेतून त्वचेखाली जोडतार नेऊन छातीत गळ्याच्या हाडाखाली बॅटरीचे यंत्र ठेवतात. आता नव्या प्रतिमांच्या आधारे पूर्ण भुलीखालीही ही शस्त्रक्रिया करतात आणि ती ज्यांना जागेपणाची धास्ती वाटते त्यांना मानवते.

धोका शून्य नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता शेकडा एक-दोन इतकी धरतात, जंतुसंसर्गाची त्याहून काहीशी अधिक. आणि संसर्ग झालाच तर यंत्र काढून ठेवावे लागते. पण माझ्या मते शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा अधिक नुकसान चुकीच्या अपेक्षेने होते. डीबीएसने रोग बरा होत नाही, त्याची वाढही थांबत नाही. जे लक्षण लेव्होडोपाने सुधारते तेच या तारेने सुधारते, एक कंप मात्र कधी कधी औषधाला दाद न देताही तारेला देतो. म्हणून निवड करण्यापूर्वी रुग्णास रात्रभर औषधाविना ठेवून, सकाळी गुण मोजून, मग भरपूर मात्रा देऊन पुन्हा गुण मोजतात, व निदान शेकडा तीसची सुधारणा नसेल तर सहसा पुढे जात नाहीत. तोल जाऊन पडणे, पुटपुटते बोलणे आणि बुद्धिभ्रंश यांवर तार चालत नाही. उलट बोलणे व शब्द आठवणे यांत थोडी हानी होऊ शकते. कंपवातासारखे दिसणारे पण निराळे असे जे इतर विकार आहेत, त्यांत तर तिचा काहीच उपयोग नाही. योग्य निवड झाली तर लाभ किती टिकतो, याचा एक दाखला ग्रनोबलच्याच रुग्णांचा आहे: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर पंधराहून अधिक वर्षे लोटलेल्या ५१ रुग्णांमध्ये, पूर्वीच्या तुलनेने, अंग हेलकावण्याचा काळ शेकडा ७५ नी, गोळी उतरलेला काळ शेकडा ५९ नी, आणि औषधाची मात्रा निम्म्याने उतरलेली आढळली.

शिवाय वेळ. अंथरुणाला खिळल्यावर शेवटचा उपाय म्हणून ही शस्त्रक्रिया असते, ही समजूत सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मी वारंवार ऐकली आहे आणि ती घातक आहे. २०१३ साली फ्रान्स-जर्मनीतील २५१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले की, गोळीचे चढउतार नुकतेच सुरू झालेल्या, सरासरी बावन्न वर्षे वयाच्या रुग्णांचे जीवनमानही नुसत्या औषधापेक्षा तार व औषध यांनी पुष्कळ अधिक सुधारते; आणि १९९७ मध्ये कंपासाठी व २००२ मध्ये पुढच्या अवस्थेतील कंपवातासाठी मान्यता देणाऱ्या अमेरिकन औषध प्रशासनाने २०१६ मध्ये चार वर्षे जुन्या रोगालाही ती मुभा दिली. तालुक्याच्या डॉक्टरला व घरच्यांना लक्षात ठेवण्यास सोपा असा एक ठोकताळाही तज्ज्ञांनी दिला आहे: दिवसातून पाच वा अधिक वेळा लेव्होडोपा लागते, दोन तास किंवा जास्त गोळी उतरलेली असते, अथवा तासभर तरी अंग त्रासदायक रीतीने वळवळते, यांपैकी काहीही असेल तर रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे याबाबत विचारणा करण्यास पाठवावे. गुरुजींच्या पत्नीची हजेरीपत्रकाची पाने पाहताच डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी लिहावयास बसलो त्याकडे येतो. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, जुळणी वर्षानुवर्षांची. तार बसल्यावर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, आणि मग तारेवरच्या कोणत्या टोकातून, किती तीव्रतेचा, सेकंदाला किती वेळा आणि किती रुंद स्पंदनाचा प्रवाह सोडावा हे ठरवत जावे लागते. साधारणतः सेकंदाला १३० स्पंदने, प्रत्येक सेकंदाच्या साठ दशलक्षांशांएवढे, अशी सुरुवात असते, पण प्रत्येक मेंदूची मागणी निराळी. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरा घडून तयार झाला तरी जवारी लागेपर्यंत तो गात नाही, आणि हवापाणी पालटले की जवारी पुन्हा पाहावी लागते. तसेच या तारेचे आहे. जुळणी चुकली तर जीभ जड होते, डोळ्यापुढे दोन दोन दिसते, मुंग्या येतात, किंवा अंग उलट अधिकच हेलकावते, आणि ‘ऑपरेशन वाया गेलं’ असे गाव म्हणू लागतो, जेव्हा वस्तुतः वाया गेलेली असते ती केवळ जुळणी.

गुरुजींची शस्त्रक्रिया झाल्यावर पुण्यातल्या त्यांच्या पहिल्या जुळणीला मी सोबत होतो. रात्रीची गोळी न घेता त्यांना पहाटे निघावे लागले. गाडीत ते लाकडासारखे आखडून बसले होते आणि खंबाटकीच्या घाटात त्यांच्या पत्नी ‘अहो, पाणी तरी घ्या’ म्हणून पुन्हा पुन्हा पुसत होत्या. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर एक चकतीवजा उपकरण ठेवले आणि हातातल्या टॅब्लेटवर बोट सरकवत एकेक टोक चालू केले. पहिल्या टोकाला ओठ ओढला गेला. दुसऱ्यावर काहीच नाही. तिसऱ्यावर, प्रवाह थोडा चढवल्यावर, डॉक्टरांनी धरलेले मनगट सैल पडले, गुरुजींच्या चेहऱ्यावर भुवई हलली आणि ते म्हणाले, “खांद्यावरचं ओझं उतरलं बघा.” मग त्यांना उठवून लांब व्हरांड्यात चालवले, वळवले, पुन्हा बसवले, तास दीड तास असाच गेला. त्या दिवशी घरी परतताना गोळ्या पाचाच्या तीन झाल्या. परंतु दीड महिन्याने डावा पाय अडू लागला, पुन्हा पुणे. मग बोलणे अस्पष्ट, पुन्हा पुणे. सातारा ते पुणे ११० किलोमीटर, सांगलीहून २३० च्या पुढे, आणि जत किंवा आटपाडीच्या कडेच्या गावाहून आधी सांगलीच गाठावी लागते. औषधाविना आखडलेल्या माणसाला घेऊन हा प्रवास करणे, गाडीभाडे, मुलाची बुडालेली रोजी, या सर्वांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या बिलात कोठेही लिहिलेला नसतो.

म्हणून या क्षेत्रातील नव्या सुधारणांकडे मी एकाच नजरेने पाहतो: रुग्णाची किती फरफट त्यांनी वाचते. पूर्वीची तार सर्व बाजूंना सारखाच प्रवाह सोडी. गेल्या दहा वर्षांत आलेल्या तारांवरील मधली टोके तीन तीन भागांत विभागलेली असतात, त्यामुळे प्रवाह हव्या त्या बाजूला वळवता येतो, आणि जीभ जड करणाऱ्या शेजारच्या तंतूंना चुकवून नेमके केंद्र गाठता येते. पूर्वीची बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपे आणि छातीचे यंत्र पुन्हा शस्त्रक्रियेने बदलावे लागे. रिचार्ज होणारी यंत्रे पंधरा वर्षे व अधिक टिकतात, मात्र दर आठवड्याला ती नेमाने चार्ज करण्याची शिस्त घरात हवी, आणि आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत ही बाब विचारून घेण्याजोगी आहे. २०२० साली मेडट्रॉनिकचे ‘पर्सेप्ट’ हे यंत्र आले, ते नुसता प्रवाह सोडत नाही तर मेंदूचे स्वतःचे विद्युत्स्पंदन ऐकून त्याची नोंदही ठेवते. गोळी उतरलेल्या अवस्थेत सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये सेकंदाला १३ ते ३० या दरम्यानचे एक स्पंदन बळावते, त्याला बीटा म्हणतात. गोळी लागली किंवा प्रवाह पोचला की ते मंदावते. गुरुजींच्या पत्नी हजेरीपत्रकावर जे लिहीत होत्या, तेच हे यंत्र आतून, रात्री झोपेतही, लिहीत राहते.

या नोंदीवर आधारलेली पुढची पायरी म्हणजे स्वतः जुळवून घेणारे यंत्र. बीटा चढला की प्रवाह वाढवावा, उतरला की कमी करावा, हे काम यंत्रानेच करावयाचे; या पद्धतीला युरोपात जानेवारी २०२५ मध्ये आणि अमेरिकेत त्यानंतरच्याच महिन्यात मान्यता मिळाली. प्रवाह दिवसभर एकसारखा ठेवल्याने ज्यांचे अंग गोळीच्या भरात हेलकावते, त्यांना याचा लाभ होण्याचा संभव अधिक. तथापि हे यंत्रही आधी डॉक्टरने नीट जुळवून द्यावे लागते, आणि प्रत्येकाच्या मेंदूत बीटा स्पष्ट ऐकू येतोच असेही नाही. त्याहून आमच्या भागाच्या दृष्टीने मोलाची सुधारणा मला दूरस्थ जुळणीची वाटते. ॲबट कंपनीच्या यंत्रांसाठी अमेरिकेत २०२१ पासून अशी सोय झाली की, रुग्ण घरी मोबाइलसमोर बसतो, डॉक्टर आपल्या खोलीतून त्याची चाल पाहतो आणि तेथूनच प्रवाहात फेरफार करतो. चीनमध्येही अशी पद्धत त्यापूर्वीपासून वापरात होती. ताठरपणा मात्र मोबाइलवरून हाताने चाचपता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या जुळण्या समक्षच व्हाव्यात आणि पुढचे लहान फेरफार दुरून, हाच व्यवहार्य मार्ग होय.

कवटी न उघडता, एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिलहरी एकवटून कंपाचे केंद्र जाळण्याची पद्धतही आता रुजते आहे. तिला बॅटरी नाही, तार नाही, जुळणी नाही, परंतु जे जाळले ते जाळले, आणि गोळीच्या चढउताराने त्रस्त झालेल्या रुग्णाचा प्रश्न ती तारेइतका सोडवीत नाही.

खर्चाविषयी गोलमोल बोलण्यात अर्थ नाही. यंत्र परदेशी असते, शस्त्रक्रियेसह सगळे मिळून दहा लाखांच्या आसपास जाते आणि रिचार्ज होणारे यंत्र घेतल्यास त्याहून बरेच वर. पुष्कळांना ठाऊक नसते की, विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ज्या आधुनिक उपचारांना आरोग्यविम्यातून वगळण्यास कंपन्यांना मनाई केली, त्यांत डीबीएसचा नावानिशी समावेश आहे. कंपन्यांनी रकमेवर मर्यादा घालावी अशी मुभा त्यात आहे, म्हणून आपल्या पॉलिसीच्या कागदात ही मर्यादा किती आहे ते शस्त्रक्रियेच्या आधी वाचून घ्यावे, आणि आजाराचे निदान होण्यापूर्वी विमा उतरवलेला असल्यास तो एक वर्षही खंडित होऊ देऊ नये.

विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभारले, तेव्हापासून कित्येक दशके दूरदूरच्या संस्थानांतून आणि इलाख्यांतून माणसे आगगाडीने शस्त्रक्रियेसाठी मिरजेला येत. आज मिरजेस १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या प्रत्येक ठिकाणी मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया व्हावी, असा माझा आग्रह नाही. ती वर्षाकाठी पुष्कळ संख्येने करणाऱ्या हातांनीच करावी हेच रुग्णाच्या हिताचे. परंतु जुळणीला शस्त्रक्रियागृह लागत नाही. त्या त्या कंपनीचे प्रोग्रॅमर म्हणून असलेले टॅब्लेट, ते चालवण्याचे शिक्षण घेतलेला एक मेंदूविकारतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट, आणि रुग्णाला चालवून पाहण्याइतका लांब व्हरांडा, एवढ्यावर महिन्यातून ठरल्या दिवशी मिरज किंवा कराड येथे जुळणीचा बाह्यरुग्ण विभाग चालू शकेल. पुण्या-मुंबईच्या शल्यविशारदांनी आणि या संस्थांनी आपसांत बोलून तशी तजवीज करावी, आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलावा, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि २००१ साली डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेली पार्किन्सन्स सोसायटी या दोन संस्थांनी रुग्णांना व घरच्यांना एकत्र आणण्याचे जे काम केले आहे, त्याचा आधार अशा मागणीला मिळू शकतो.

एक सावधगिरी मात्र कोणत्याही संस्थेची वाट न पाहता आजच पाळावयाची आहे. गुडघा किंवा पाठ दुखते म्हणून आमच्या तालुक्यातालुक्यांत ‘शेक’ घेण्याची पद्धत आहे, आणि त्यांपैकी डायथर्मी नावाचे यंत्र मेंदूत तार असलेल्या माणसाला कदापि लावता कामा नये. त्याची ऊर्जा तारेच्या टोकाशी एकवटून मेंदूची ऊती भाजते आणि त्याने कायमची इजा व मृत्यूही ओढवलेला आहे. एमआरआय काढायचा तर यंत्राच्या प्रकाराप्रमाणे अटी असतात, म्हणून रुग्णालयाने दिलेले ओळखपत्र खिशात ठेवावे, दात काढण्यापासून मोतीबिंदूपर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया असली तरी ते आधी दाखवावे. गुरुजींनी आपले ओळखपत्र दोन प्रतींत करून एक गावच्या डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी रुग्णालयाला इतके विचारून उत्तर कागदावर मागावे: जुळणी कोण करणार, पहिल्या वर्षी किती वेळा यावे लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडणार की बिलातच धरले आहेत, यंत्र दुरून जुळवता येते काय, बॅटरी किती वर्षांची, आणि करणारे डॉक्टर उद्या गाव सोडून गेले तर त्यांच्या जागी कोणाकडे जावे.